औंध संस्थान, तुकड्यातुकड्यांनी : किन्हई, औंध, आटपाडी, कुंडल

औंध म्हटलं की आता बहुतेकांना पुण्यातलं औंध आठवतं. हे ते नाही. हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं औंध, पंतप्रतिनिधींचं, यमाईचं. आणि हे संस्थान जुन्या नकाशावर शोधायला गेलात तर एक सलग प्रदेश म्हणून सापडतच नाही. औंध इकडे, आटपाडी तिकडे माणदेशात, कुंडल खाली कृष्णाकाठाजवळ आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे, मधे सगळा इंग्रजांचा मुलूख नाहीतर दुसऱ्या कुणाचं संस्थान. सगळं मिळून सुमारे ५०० चौरस मैल, ७२ गावं, वस्ती लाखाच्या आत. तोफांच्या सलामीचा मान सुद्धा नव्हता. आणि अशा संस्थानाच्या राजाने १९३९ साली, कुणी गादी हिसकावलेली नसताना, आपणहून सत्ता गावांच्या हातात दिली. ही गोष्ट शाळेत आम्हाला एका ओळीत पण नव्हती याचं मला मनापासून वाईट वाटतं, त्यामुळे ते तुकडे एकदा गाडीने जोडून बघायचे असं बरेच दिवस मनात होतं. मावसभाऊ इस्लामपूरचा, त्याची गाडी, त्याला रस्ते पाठ, शुक्रवारी सकाळी साताऱ्यातून निघालो.

शुक्रवार : सातारा, किन्हई, औंध

कोरेगावच्या पुढे आत वळलं की किन्हई. इथून सुरुवात करायचं कारण म्हणजे हे घराणं मूळचं इथलं, किन्हईचे कुलकर्णी. त्यातले परशुराम त्रिंबक राजाराम महाराजांच्या काळात वर आले, पन्हाळा मोगलांकडून परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि पुढे प्रतिनिधीपद या घराण्याकडे आलं ते कायमचंच. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या वतीने काम बघणारा, मानाने अष्टप्रधानांच्याही वर. नंतर शाहू महाराजांच्या काळात पेशवे मोठे होत गेले तसं हे पद मागे पडलं, पण जहागीर राहिली.

किन्हईचा वाडा बाहेरून बघितला तर छोटी गढीच वाटते, बुरूज, उंच भिंत, मोठा दरवाजा. मला मात्र वाड्यापेक्षा समोरच्या टेकडीवरची साखरगडनिवासिनी जास्त आवडली. तटबंदीचं देऊळ आहे, वर वारा भन्नाट, खाली सगळं गाव आणि ज्वारीची शेतं. भावाने तिथेच डबा उघडला, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, दोघंही गप्प बसून खाल्लं.

इथून रहिमतपूरमार्गे औंध. वाटेत भावाला पुढचा इतिहास सांगत होतो, तो थोडक्यात इथेही सांगतो. पेशवाईच्या शेवटी शेवटी इथले परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी आणि दुसरा बाजीराव यांचं फाटलं, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांनी १८०६ च्या सुमारास प्रतिनिधींना लढाईत पकडलं, त्यात त्यांचा हात गेला, म्हणून ते ‘थोटे पंत’. त्यांच्या बाजूने वासोटा किल्ला लढवणारी ताई तेलीण ती हीच गोष्ट, तिच्यावरचा उखाणा साताऱ्यात अजून लोकांच्या तोंडात आहे. मग १८१८ ला पेशवाईच गेली. इंग्रजांनी १८२० मध्ये प्रतिनिधींशी करार करून जहागीर कायम केली, पण साताऱ्याच्या छत्रपतींच्या हाताखाली. आणि १८४८-४९ मध्ये वारस नाही म्हणून सातारचं राज्यच खालसा केलं तेव्हा औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट हे सगळे सातारच्या हाताखालचे जहागीरदार थेट इंग्रजांच्या हाताखाली आले. साताऱ्याचा कलेक्टर तोच औंधचा पोलिटिकल एजंट. म्हणजे राजा आपल्या गादीवर बसायचा खरा पण कलेक्टर साहेबाची मर्जी बघूनच, हे सगळ्या लहान संस्थानांचं दुखणं होतं आणि हे लक्षात ठेवलं तरच पुढचं सगळं किती मोठं होतं ते कळतं.

औंधला पोचेपर्यंत संध्याकाळ. पौष असल्याने देवीचा हंगाम, गावातल्या यमाईच्या देवळापुढे नारळ, हळदकुंकू, बांगड्यांची दुकानं. दीपमाळ बघायला मान पूर्ण वर करावी लागते एवढी उंच. राहायची सोय भक्तनिवासात झाली, साधी खोली, गरम पाणी पहाटेच मिळेल असं सांगितलं आणि खरंच मिळालं.

शनिवार : औंध

हा दिवस पूर्ण औंधला ठेवला होता आणि तसाच ठेवावा. पहाटे डोंगरावर यमाईच्या मूळपीठाला गेलो, पायऱ्या पण आहेत आणि गाडीरस्ता पण, आम्ही चढून गेलो. वर काळ्या दगडाची देवी. बसलेली, मोठी, एकदा बघितली की लक्षातून न जाणारी. खाली उतरताना डोंगराच्या अंगावरच श्री भवानी चित्रसंग्रहालय लागतं, १९३८ चं. सोमवारी बंद असतं, येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आता बाळासाहेबांबद्दल, म्हणजे सत्ता गावांना देणाऱ्या त्या राजाबद्दल. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. यांना गादी सरळ मिळालेली नाही. वडिलांनंतर थोरला भाऊ, मग त्या भावाचा मुलगा गोपाळकृष्णराव, आणि त्या पुतण्याला इंग्रजांनी १९०९ मध्ये गादीवरून दूर केलं तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या बाळासाहेबांना राजा केलं. म्हणजे इंग्रज सरकार राजा उठवू शकतं आणि बसवू शकतं हे या माणसाने स्वतःच्या घरात बघितलेलं. असा माणूस पुढची चाळीस वर्षं मान खाली घालून काढेल असंच कुणालाही वाटलं असतं. त्यांनी केलं ते वेगळं.

ते स्वतः चित्रकार, कीर्तनकार. हरिदासी कीर्तन उभं राहून करणारा राजा. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आणि संग्रहालय म्हणजे त्यांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं, धुरंधरांची, दरबारी चित्रकारांची, अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला, चंदनात आणि हस्तिदंतात कोरलेली कामं, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या प्रतिकृती. आणि या सगळ्यात हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प! आधुनिक शिल्पकलेतलं जगातलं एवढं मोठं नाव, आणि त्याचं काम खटाव तालुक्यात, एका डोंगरावर. लहानसंच आहे, पटकन पुढे गेलात तर दिसणार पण नाही. आईचा चेहरा म्हणजे नुसता गोलसर उतार, डोळे नाक जवळजवळ नाहीतच, पण मूल तिला ज्या पद्धतीने बिलगलंय त्यावरून ती आईच आहे हे लांबूनही कळतं. मी त्याच्यापुढे बराच वेळ थांबलो. शेजारी एक शाळेची सहल आली होती, मास्तर रविवर्म्याच्या चित्रापुढे पोरींना साडीचा काठ कसा रंगवलाय ते समजावून सांगत होते आणि पोरी खरंच ऐकत होत्या. राजाने हे मुंबईत किंवा पुण्यात ठेवलं असतं तर नाव जास्त झालं असतं, त्यांनी गावातच ठेवलं हे मला फार मोलाचं वाटतं.

दुपारी गावात एका दुकानाच्या कट्ट्यावर चहा पिताना नव्वदीकडे झुकलेले एक आजोबा भेटले. संस्थानच्या शाळेत लहान वर्गात होते, म्हणजे विलीनीकरणाच्या आधीची दोन-चार वर्षं. मी सूर्यनमस्कारांचं विचारलं तर म्हणाले, “तर वो! रोज घालायला लागायचं, पोरी काय नि पोरं काय, सुटका न्हाई. मंत्र म्हणायचा आन् घालायचा. तवा कटाळा यायचा, पर आज ह्या वयात काठीबिगर हाय न्हवं मी.” बाळासाहेब स्वतः रोज नमस्कार घालायचे, त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. आज जगभर योगाच्या क्लासात जे सूर्यनमस्कार घालतात त्याच्या प्रसारात या छोट्या गावाचा मोठा हात आहे. आजोबा “आमचे म्हाराज” असंच म्हणत होते, प्रत्येक वेळी.

याच गावात पंडित सातवळेकर १९१८ पासून राहिले. ते पण मुळात जे.जे. मध्ये शिकलेले चित्रकार, वेदांवरच्या लिखाणापायी राजद्रोहाच्या खटल्यात सापडलेले, इंग्रज ज्याच्यावर डोळा ठेवून होते असा माणूस. राजाने त्यांना आसरा दिला, त्यांनी इथे स्वाध्याय मंडळ चालवलं, वेद छापले, १९४८ नंतर ते गुजरातमध्ये पारडीला गेले आणि शंभरी ओलांडून गेले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला १९१८ मध्ये एक लाख रुपयांचं वचन देणारे पण हेच बाळासाहेब, संस्थानाचा जीव बघता ही रक्कम केवढी होती याचा विचार करा.

संध्याकाळी वाड्यासमोरून चालत जाताना मुख्य गोष्टीवर आलो, भावाला तीच ऐकायची होती. बाळासाहेबांचा मुलगा आप्पासाहेब पंत, जन्म १९१२, ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन आलेला. त्याच्या ओळखीतून इथे आला मॉरिस फ्रिडमन, वॉर्साचा पोलिश ज्यू इंजिनिअर, बंगळुरात कारखाना चालवायचा, पुढे भगवी कफनी घालून भारतानंद झाला. हे दोघं आणि सत्तरीतला राजा असे तिघं मिळून सत्ता लोकांना द्यायचं ठरवतात आणि मसुद्यासाठी थेट गांधीजींकडे जातात. गांधीजींनी पंचायतींचा पाया धरला आणि राजाने साधं राहून दाखवलं पाहिजे असा आग्रह पण धरला. २१ जानेवारी १९३९ ला औंधची स्वराज्याची घटना अमलात आली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, तालुक्यातून प्रतिनिधी विधिमंडळात. राजा मान्यतेपुरता. आपल्याकडे घटनेत पंचायत राज आलं १९९३ मध्ये, ७३ व्या दुरुस्तीने. मधे ५४ वर्षं!

काही लोक म्हणतात एवढंसं संस्थान, त्यात काय अवघड होतं. मला हे पटत नाही. आजूबाजूची किती तरी लहान संस्थानं होती, आपणहून हे करायला कोण पुढे आलं? आणि १९३८-३९ ला राजकोटसारख्या ठिकाणी प्रजेच्या लोकांनी नुसती जबाबदार राज्यपद्धती मागितली तर लाठ्या आणि तुरुंग मिळत होते, त्याच वर्षी हे इथे झालंय. उलट संस्थान लहान होतं, तुकड्यात होतं, इंग्रज रेसिडेंटला त्यात फारसा राम वाटत नव्हता, म्हणूनच हा प्रयोग करायला जागा मिळाली असं माझं मत आहे.

रविवार : औंध, वडूज, दहिवडी, म्हसवड, आटपाडी

लांबचा टप्पा. वडूज, दहिवडी, गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचं दर्शन, म्हसवडला सिद्धनाथ, मग दिघंची करून आटपाडी. रस्ता आता बरा आहे. म्हसवडच्या पुढे जमीन बदलते, माळ, दगड, बाभळी, मेंढरांचे कळप, आणि मधेच एकदम हिरवीगार डाळिंबाची बाग. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आटपाडीचा चेहरा बदललाय असं सगळेच सांगतात. संस्थानी काळात हा भाग म्हणजे कायमचा दुष्काळ. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर इथल्या माडगुळ्याचे, शाळेच्या निमित्ताने गदिमा आटपाडी, कुंडल, औंध असे संस्थानाच्या तुकड्यांतूनच फिरलेत.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. यासाठीच एवढं लांब आलो होतो. १९३९ मध्ये इथे औंध संस्थानाने खुला तुरुंग सुरू केला, कल्पना फ्रिडमनची. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं, त्यांना भिंत नाही, बेडी नाही, जमीन दिली आणि कसायला सांगितली, कुटुंब सोबत राहू शकतं. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ चा, गदिमांच्या कथेवरचा, तो यावरून सुचलेला. पिक्चर सगळ्यांनी बघितलाय, गाव कुणालाच माहीत नाही. ही वसाहत आजही तुरुंग खात्याकडून चालते, कैदी बायकापोरांसह राहतात. आत जायला परवानगी लागते, आम्ही ती काढलेली नव्हती आणि लोकांची घरं आहेत तिथे डोकावणं बरोबर पण नाही, म्हणून रस्त्यावरूनच बघितलं. शेतात दोन माणसं कडबा रचत होती, एक पोरगी सायकल घेऊन शाळेच्या पाटीपाशी उभी. तुम्हाला कुणी सांगितलं नाही तर कळणारच नाही की हा तुरुंग आहे.

इंग्रजांच्या काळात पुण्याला येरवड्याचा तुरुंग होता, तिकडे दगड फोडायला लावायचे, आणि इथे दुष्काळी माळावर एक कंगाल संस्थान खुन्याच्या हातात औत देत होतं. भाऊ तुरुंगाबद्दल फारसं काही बोलला नाही, पण गाडी सुरू करताना म्हणाला, “हे आपल्या सांगली जिल्ह्यात हाय आणि मला आज कळतंय.”

रात्री आटपाडीतच राहिलो. बाजरीची भाकरी, मटणाचा तिखट रस्सा, कांदा. खानावळीच्या काकू भाकरी वाढतच राहिल्या, “खावा की, लांबनं आलाय,” म्हणत.

सोमवार : खरसुंडी, विटा, कुंडल, किर्लोस्करवाडी

सकाळी खरसुंडीला सिद्धनाथ, तिथून भिवघाट, विटा आणि खाली कुंडल. घाट उतरला की हवाच वेगळी, ऊस, ऊस आणि ऊस, ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, रस्त्यावर मोळ्या सांडलेल्या. दोन तासात दुष्काळातून कृष्णाकाठी, आणि दोन्ही एकाच राजाचं राज्य होतं, हे नकाशावर कळत नाही ते गाडीत कळतं.

कुंडल रोड स्टेशनच्या शेजारचा माळ, निवडुंग आणि साप, असं जुन्या आठवणींत वर्णन येतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनवत होते, तिथल्या नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला सांगितली. ते तेव्हा औंधला यमाईच्या मंडपाच्या कामावर होते, बाळासाहेबांनी त्यांना विचारलं आणि सांगितलं माझ्या संस्थानात कुठेही जागा बघा. लक्ष्मणरावांनी हा माळ निवडला, कारण रेल्वे जवळ. ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १० हजार रुपये. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. राज्यावर येऊन राजाला वर्ष पण झालं नव्हतं! स्टेशनचं नाव पण आता किर्लोस्करवाडी आहे. कारखाना चालू आहे, आम्ही बाहेरून वसाहतीतल्या रस्त्यांवरून चक्कर मारली, जुनी झाडं, सरळ गल्ल्या, नीट आखलेलं गाव. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी, प्रभाकर कंदीलवाली, ती पण संस्थानाच्याच हद्दीत वाढली. इंग्रजी अमलात परदेशी माल सगळीकडे भरलेला असताना देशी कारखान्याला एका छोट्या राजाने जमीन द्यायची, याला धाडस लागतं.

पण कुंडलला मी आलो ते आणखी एका कारणाने. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं भूमिगत सरकार, उभं राहिलं, त्याचं कुंडल हे मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड इथलेच, तुफान सेना त्यांनी उभी केली. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली त्यातही इथली पोरं. इंग्रजांचे पोलीस मागे लागले की संस्थानाची हद्द ओलांडायची, तिथे साहेबाच्या पोलिसाला सरळ घुसता येत नाही, आणि औंधचं राज्य म्हणजे लोकांचंच राज्य, ते पकडायला उत्सुक नाही. ज्या तुकड्यातुकड्यांच्या नकाशामुळे कारभार करताना जीव मेटाकुटीला येत असेल, तोच नकाशा भूमिगतांच्या कामी आला.

देवळापाशी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशींना विचारलं तर त्यांनी सासूने सांगितलेलं सांगितलं, गांधी लग्नाचं. हार घालायचे, हुंडा नाही, बँड नाही, जेवणावळ नाही, गावासमोर लग्न. “माझ्या सासूबाईंचं तसंच झालं. लय कौतिक होतं तिला त्याचं, मरंपातूर सांगायची.” आणि मग स्वतःच म्हणाल्या, “आता बघा की, लग्नापायी रान इकत्यात.”

राजाची पंचायत आणि बापू लाडांची तुफान सेना या दोन्ही गोष्टी एकाच गावात. राजाने सत्ता दिली आणि पोरं आणखी पुढे गेली, कारण त्यांना नुसतं संस्थानात नाही तर सगळीकडेच स्वराज्य हवं होतं. मला यात विरोध वाटत नाही. पाच-सात वर्षं स्वतःच्या गावचा कारभार स्वतः बघितलेल्या माणसाला शेजारच्या गावात मामलेदाराचा धाक कसा सहन होणार?

शेवट लवकर झाला. दख्खनच्या काही छोट्या संस्थानांनी मिळून संघ करायचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं, गावपंचायतींची ती घटना तिथेच संपली. सरकारी कारभार पुन्हा वरून खाली येऊ लागला. आप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले, पूर्व आफ्रिका, सिक्कीम आणि पुढे कितीतरी देश. फ्रिडमन मुंबईत राहिला, निसर्गदत्त महाराजांकडे जात राहिला, १९७६ ला गेला. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला गेले.

संध्याकाळी भावाला इस्लामपूरला सोडलं आणि तिथून एसटीने परत. गुणदाळ राहिलं, ते आता कर्नाटकात, विजापूरच्या बाजूला. कुणी गेलं असेल, तिथल्या पंचायतीबद्दल घरात काही जुनं बोललं जात असेल तर नक्की कळवा, कारण चारही तुकड्यांमधला तो सगळ्यात कमी सांगितला गेलेला आहे आणि पुढच्या हिवाळ्यात मी तिकडेच निघणार आहे.